नॅनोची बाटली आणि बांधावरचा लिंब

(जालना जिल्हा मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



कृषी सेवा केंद्राच्या फळीवर अलीकडे एक नवा शब्द येऊन बसला आहे, ‘नॅनो’. नॅनो खत, नॅनो टॉनिक, नॅनो निम. बाटली लहान, अक्षरे मोठी आणि किंमत त्याहून मोठी. अंबड-घनसावंगीपासून भोकरदन-जाफराबादपर्यंत आम्ही बैठकीला जातो, तिथे भाव, वीज आणि विमा यांचे बोलणे संपले की कोणीतरी विचारतोच, “हे नॅनो काय प्रकरण आहे? घ्यावे की घेऊ नये?” त्याचे उत्तर हो किंवा नाही असे एका शब्दात देता येत नाही. म्हणून आज त्यावरच बोलायचे ठरवले आहे.

विषय एवढाच ठेवू: वनस्पतींपासून तयार केलेली, अतिसूक्ष्म कणांची कीटकनाशके. त्यांत खरे किती, जाहिरात किती, आणि ज्या मालातून ती बनतात तो माल आपल्याच बांधावर पडलेला असताना आपण फक्त गिऱ्हाईक राहायचे की आणखी काही करायचे, हे पाहू.

आधी पंपाचा हिशेब

२०१७ चा खरीप आठवा. यवतमाळ जिल्ह्यात कापूस डोक्याएवढा वाढलेला, हवा दमट, गुलाबी बोंडअळीची धास्ती, एका पंपात दोन-दोन तीन-तीन औषधे मिसळलेली आणि फवारणाऱ्याच्या अंगावर साधा सदरा. त्या एका हंगामात त्या एका जिल्ह्यात वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर फवारणीच्या विषबाधेने मरण पावले, शेकडो जण दवाखान्यात पडले. त्यांत दुसऱ्याच्या शेतात रोजाने फवारणी करणारेही होते. चौकशी झाली, काही औषधांवर राज्य शासनाने तात्पुरती विक्रीबंदी घातली आणि पुढच्या हंगामात पंप पुन्हा पाठीवर चढले.

ते चढणारच होते. बीटी कापसाला देशात पहिली परवानगी मार्च २००२ मध्ये मिळाली ती आपल्या जालन्याच्या महिकोच्या संकरित वाणांना. हिरव्या बोंडअळीवरच्या फवारण्या त्याने कमी झाल्या, हे आपण पाहिले आहे आणि ते नाकारण्याचे कारण नाही. पण २०१५ मध्ये गुजरातेत आणि २०१७ मध्ये आपल्याकडे गुलाबी बोंडअळी दोन जनुकांच्या बीटीलाही दाद देईनाशी झाली. मावा, तुडतुडे, फुलकिडे, पांढरी माशी या रस शोषणाऱ्या किडींसाठी तर पंप कधी खाली ठेवताच आला नव्हता. ज्वारीवर २०१८ नंतर नवी लष्करी अळी येऊन बसली ती वेगळीच.

कोरडवाहू शेतकऱ्याचे या सगळ्यात दुहेरी मरण आहे. औषध उधारीचे आणि पाऊस भरवशाचा नाही. फवारले आणि तासाभरात सर आली की पैसे वाहून गेले. फवारले आणि आठवडाभर कडक ऊन पडले की औषध उडून गेले. पंपातल्या औषधाचा फार थोडा भाग किडीपर्यंत पोचतो. बाकीचा जमिनीवर, वाऱ्यावर आणि फवारणाऱ्याच्या अंगावर. औषध कमी लागावे, पानाला चिकटावे, उन्हात टिकावे आणि माणसाला बाधू नये, ही आपली गरज आहे. नॅनोवाले नेमके हेच आश्वासन देतात. म्हणून ते झटकून टाकण्यासारखे नाही आणि डोळे मिटून घेण्यासारखेही नाही.

नॅनो म्हणजे केवढे?

मीटरचे एक अब्ज भाग केले तर एक भाग म्हणजे एक नॅनोमीटर. आपला केस साधारण ८० हजार ते एक लाख नॅनोमीटर जाड असतो. नॅनो औषधातले कण सहसा काही दहा ते काही शे नॅनोमीटरचे असतात. शंभर नॅनोमीटरचा कण धरला तर तो केसाच्या जाडीचा हजारावा भाग झाला.

इतके बारीक करून मिळते काय? गुळाचा एक सेंटीमीटर लांब, रुंद, उंच असा चौकोनी खडा घ्या. त्याच्या सहा बाजू मिळून बाहेरची जागा सहा चौरस सेंटीमीटर भरते. त्याच खड्याचे शंभर नॅनोमीटरचे तुकडे केले तर सगळ्यांची मिळून बाहेरची जागा साठ चौरस मीटर होते, म्हणजे अर्ध्या गुंठ्याहून जास्त. गूळ तेवढाच, पण लागणारी जागा लाखपट. औषधाचेही तसेच. तेवढ्याच औषधाने पानाचा आणि किडीच्या अंगाचा जास्त भाग व्यापला जातो. तेलासारखी पाण्यात न मिसळणारी वस्तू इतक्या बारीक थेंबांत फोडली की ती पाण्यावर तरंगत नाही, नोझल तुंबवत नाही. या मागचे शास्त्र खरे आहे. भांडण शास्त्राशी नाही. बाटलीत ते शास्त्र किती उतरले आहे, हा प्रश्न आहे.

एका नावाखाली तीन वेगळ्या वस्तू

‘वनस्पतीजन्य नॅनो’ या नावाखाली तीन अगदी वेगवेगळ्या वस्तू येतात. हे एकदा समजले की अर्धी फसवणूक टळते.

पहिली वस्तू: किडीला आवरणारा घटकच वनस्पतीचा. उदाहरणार्थ लिंबोळीचे तेल अतिसूक्ष्म थेंबांत फोडून पाण्यात मिसळलेले.

दुसरी वस्तू: मारणारा घटक कोणताही, बहुधा रासायनिकच, पण त्याच्याभोवतीचे कवच वनस्पतीचे. हे कवच स्टार्चचे, मक्यातल्या प्रथिनाचे, सेल्युलोजचे नाहीतर लिग्निनचे असते. लिग्निन म्हणजे लाकडाला ताठपणा देणारा घटक. कवचातून औषध हळूहळू बाहेर येते.

तिसरी वस्तू: चांदी, जस्त किंवा तांबे या धातूंचे सूक्ष्म कण, जे तयार करताना लिंबाच्या किंवा दुसऱ्या पाल्याचा रस वापरलेला असतो. येथे रसाचे काम धातूच्या क्षारातून कण बनवण्यापुरते. मारतो तो धातू. वरच्या चिठ्ठीवर हिरवे पान छापले तरी धातू कुजत नाही, तो जमिनीत राहतो.

तिन्हींवर ‘वनस्पतीजन्य’ असे लिहिता येते आणि शब्दशः ते खोटेही नसते. म्हणून विचारायचे ते एवढेच की बाबा, यात मारतो कोण आणि वाहून नेतो कोण?

लिंबोळीची ताकद आणि तिची दुबळी बाजू

लिंब आपल्याला कोणी शिकवायला नको. धान्याच्या कणगीत पाला घालणाऱ्या आपल्या आज्यांनी कोणते विद्यापीठ पाहिले होते? पण शास्त्रज्ञांनी तपासून काय सांगितले तेही माहीत असावे. १९६२ मध्ये दिल्लीकडे टोळधाड आली तेव्हा भारतीय कृषी अनुसंधान संस्थेतील डॉ. प्रधान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लिंबोळीच्या गराचे पातळ पाणी पिकावर फवारले. टोळ बसले, पण त्यांनी पीक खाल्ले नाही. पुढे १९६८ मध्ये इंग्लंडमधील संशोधकांनी लिंबोळीतला मुख्य घटक वेगळा काढला. तोच अझाडिरॅक्टिन. बाटलीवर ३००, १५०० किंवा १०,००० पीपीएम असे लिहिलेले असते ते याचेच प्रमाण.

अझाडिरॅक्टिन मोनोक्रोटोफॉससारखे तडकाफडकी मारत नाही. ते अळीची भूक मारते आणि कात टाकण्याच्या क्रियेत बिघाड करते. अळी लहान असताना फवारले तर काम होते. अळी बोटाएवढी झाल्यावर फवारून “निमने काही झाले नाही” म्हणणे म्हणजे पेरणी दिवाळीत करून पावसाला नावे ठेवणे.

दुबळी बाजूही सांगितली पाहिजे. एक, उन्हात हा घटक काही दिवसांत मोडतो. दोन, अल्कधर्मी पाण्यात लवकर मोडतो, आणि आपल्या कित्येक बोअरांचे पाणी क्षारांचे आहे. तीन, तेल पाण्यात मिसळत नाही. चार, झाडागणिक आणि साठवणुकीगणिक लिंबोळीतले प्रमाण बदलते. नॅनो करण्याचा खटाटोप यांतल्या पहिल्या तीन दुखण्यांसाठी आहे. चौथे दुखणे नॅनोने जात नाही. निकृष्ट लिंबोळीचे कितीही बारीक थेंब केले तरी ती निकृष्टच.

एक प्रयोग सांगतो. तमिळनाडूतील वेल्लोरच्या संशोधकांनी २०१२ मध्ये निमतेलाचे तीन आकारांचे सूक्ष्म थेंब करून डासांच्या अळ्यांवर तपासले. सुमारे २५१ नॅनोमीटरच्या थेंबांपेक्षा ३१ नॅनोमीटरचे थेंब अधिक परिणामकारक ठरले. थेंब जितका लहान तितके तेल कमी पुरले. ही झाली उजवी बाजू. आता डावी बाजू. सर्वांत लहान थेंब मिळवायला एक भाग तेलाला तीन भाग साबणासारखा मिसळक घटक लागला. शिवाय प्रयोग साचलेल्या पाण्यातल्या डासांवर होता. पान, वारा, ऊन आणि पाऊस यांच्यात बसलेल्या तुडतुड्यावर नव्हता. प्रयोगशाळेतले यश खरेच असते, पण ते शेतापर्यंत चालत येत नाही, त्याला आणावे लागते.

आणि गुलाबी बोंडअळीचे काय? ती बोंडात शिरली की तोंड बंद करून आत खात बसते. तिथे साधा निम पोचत नाही आणि नॅनो निमही पोचत नाही. तिचा बंदोबस्त अंडी आणि नवजात अळीच्या अवस्थेत, कामगंध सापळे लावून आणि डोमकळ्या तोडूनच करावा लागतो. ‘बोंडातली अळी मारणारे नॅनो निम’ असे कोणी विकत असेल तर तिथून उठून यावे.

पऱ्हाटीची छत्री

आता दुसऱ्या वस्तूकडे, कवचाकडे वळू, कारण इथे आपला थेट संबंध येतो.

कवचाचे औषध तुम्ही आजही वापरता. लॅम्डा सायहॅलोथ्रीनच्या काही बाटल्यांवर ‘४.९ टक्के सीएस’ असे असते. सीएस म्हणजे सूक्ष्म कुप्यांत भरून पाण्यात तरंगत ठेवलेले औषध. या कुप्या नॅनोपेक्षा मोठ्या आणि बहुधा प्लास्टिकच्या जातीच्या पदार्थाच्या असतात. औषध संपते, कवच जमिनीत राहते. युरोपीय संघाने २०२३ मध्ये मुद्दाम मिसळलेल्या सूक्ष्म प्लास्टिकवर निर्बंधांचा नियम केला आणि पीकसंरक्षणाच्या औषधांना त्यासाठी काही वर्षांची मुदत दिली. तेव्हा कुजणारे, वनस्पतीचे कवच शोधण्याची गरज आता कंपन्यांनाही आहे.

असे कवच बनते कशातून? आपल्या पऱ्हाटीत वाळलेल्या वजनाचा साधारण चौथा हिस्सा लिग्निन असते, बाकीचा मोठा भाग सेल्युलोज आणि त्याचे भाऊबंद. लिग्निनचा एक गुण असा की ते सूर्याचे अतिनील किरण शोषून घेते. अझाडिरॅक्टिनचा शत्रू नेमका तोच. म्हणजे लिंबोळीला उन्हातून वाचवणारी छत्री पऱ्हाटीत आहे. सरकीवर जी आखूड लव राहते, जिला लिंटर म्हणतात, ती तर जवळजवळ शुद्ध सेल्युलोज. मुंबईला माटुंग्यात केंद्र सरकारची कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्था आहे, सिरकॉट. ती १९२४ पासून कापसावर काम करते. तिने २०१५ मध्ये नॅनोसेल्युलोज बनवण्याचा पथदर्शी कारखाना सुरू केला, तोही कापसाच्या लिंटरपासून. तेव्हा हे ज्ञान अमेरिकेत किंवा जर्मनीतच आहे असे नाही. ते जालन्याहून एका रात्रीच्या रेल्वेप्रवासावर आहे.

वनस्पतीच्या कवचातले औषध हे काम आज मुख्यतः प्रयोगशाळांत आहे. पण ते बाहेर आले तर काय होईल ते पाहा. हेक्टरी दोन-तीन टन पऱ्हाटी निघते. आपण ती चुलीला वापरतो, बांधावर रचतो किंवा पेटवतो. रचलेल्या पऱ्हाटीतल्या किडक्या बोंडांत गुलाबी बोंडअळी झोपा काढते आणि पुढच्या हंगामात उठते. कृषी खाते दरवर्षी सांगते की फरदड घेऊ नका, पऱ्हाटी वेळेवर काढा. ते बरोबर आहे. पण काढणीची मजुरी कोण देणार? पऱ्हाटीला भाव मिळाला तर ती डिसेंबर-जानेवारीत आपोआप शेताबाहेर जाईल. बोंडअळीवर त्याहून स्वस्त औषध नाही. सिरकॉटने पऱ्हाटीपासून फळ्या आणि इंधनाच्या कांड्या करण्याचे तंत्र आधीच दिले आहे. औषधाचे कवच हा त्यातला आणखी एक, जास्त किमतीचा उपयोग ठरू शकतो.

पण इथेच सावध राहायचे. लिंबोळी, लिंटर आणि पऱ्हाटी गावातून मातीमोलाने जायची आणि नॅनोच्या बाटलीतून सोन्याच्या भावाने परत यायची, हा व्यवहार आपल्याला नवीन नाही. कापूस जातो, कापड येते, तीच रीत.

टिकाऊपणाची दुसरी बाजू

औषध उन्हात टिकले की चांगलेच, असे आपण धरून चालतो. एक इतिहास ऐका.

शेवंतीच्या जातीचे एक पांढरे फूल आहे, पायरेथ्रम. त्याची भुकटी कीटकांना झटकन पाडते, पण उन्हात टिकत नाही. म्हणून ती घरात चालली, शेतात चालली नाही. इंग्लंडमधील रॉथॅमस्टेड येथे मायकेल इलियट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७३ मध्ये त्या घटकाची उन्हात टिकणारी कृत्रिम नक्कल, परमेथ्रीन, तयार केली. त्याच घराण्यातली सायपरमेथ्रीन, फेनव्हेलरेट आणि डेल्टामेथ्रीन ही औषधे १९८० नंतर आपल्या कापसावर आली. पहिली दोन-तीन वर्षे जादू वाटली. मग आठवड्याला फवारणी सुरू झाली. मित्रकीटक मेले, पांढरी माशी वाढली, आणि १९८७ मध्ये आंध्रातल्या गुंटूर-प्रकाशम पट्ट्यात हिरवी बोंडअळी या औषधांना जुमानेना. पीक गेले, कर्ज राहिले आणि शेतकऱ्यांनी आत्महत्या केल्या.

याचा अर्थ लक्षात घ्या. लिंबोळी काही दिवसांत मोडते हा तिचा दोष आहे तसा गुणही आहे. ती मोडते म्हणून ज्वारीच्या कडब्यातून बैलाच्या पोटात विष साठत जात नाही, ढालकिडा आणि क्रायसोपा पुन्हा शेतात येतात, आणि किडीला वर्षानुवर्षे एकाच विषाची सवय लागत नाही. नॅनो कवचाने तिला चार दिवसांऐवजी आठ-दहा दिवस टिकवले तर आपला फायदा. महिनाभर टिकवले तर पायरेथ्रमची गोष्ट पुन्हा घडेल. किती दिवस टिकते, हा आकडा म्हणूनच बाटलीवर हवा.

झाडाचे म्हणजे निर्धोक नव्हे

तंबाखू झाडच आहे. तिच्यातले निकोटीन कातडीतून अंगात शिरून माणूस मारू शकते. निकोटीन सल्फेट हे जुने वनस्पतीजन्य कीटकनाशक आपल्या देशात वापरायला बंदी आहे. धोतराही झाडच. तेव्हा ‘झाडपाल्याचे आहे, हाताने ढवळा’ असे सांगणाऱ्या विक्रेत्याचे ऐकू नका.

नॅनोत ही काळजी दुप्पट. जो कण बारीक असल्याने किडीच्या अंगात सहज शिरतो, तो आपल्या फुप्फुसात आणि कातडीत कसा वागतो, याची वेगळी तपासणी लागते. औषध कवचात बंद असेल तर फवारणाऱ्याला ते कमी लागण्याची शक्यता आहे, हेही खरे. दोन्ही गोष्टी शक्य आहेत, म्हणूनच तपासणीचा कागद पाहिजे. केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाने जुलै २०२० मध्ये शेतीतल्या नॅनो वस्तू कशा तपासाव्यात याची मार्गदर्शक तत्त्वे काढली आहेत. त्यांत कणाचा आकार, परिणामकारकता आणि विषारीपणा या सगळ्यांची माहिती मागितली आहे. कागद आहे. तो मागणारा गिऱ्हाईक पाहिजे.

मागितला नाही तर काय होते ते नॅनो युरियात दिसले. २०२१ मध्ये अर्ध्या लिटरची बाटली आली आणि ती एका गोणीच्या जागी चालेल असे सांगितले गेले. साधे गणित करा. बाटलीत चार टक्के नत्र, म्हणजे २० ग्रॅम. ४५ किलोच्या गोणीत ४६ टक्के, म्हणजे २० किलोहून जास्त. फरक हजारपट. पानातून दिलेले नत्र जास्त उपयोगी पडते हे मान्य केले तरी हजारपटीचा पल्ला गाठायला भक्कम पुरावा हवा होता. लुधियानाच्या पंजाब कृषी विद्यापीठाने दोन वर्षे भात-गव्हावर तपासले. निम्मे नत्र कमी करून त्या जागी नॅनो युरिया फवारला तेव्हा पूर्ण शिफारशीच्या तुलनेत भाताचे उत्पन्न सुमारे १३ टक्के आणि गव्हाचे २१ टक्क्यांहून अधिक घटले. लहान कण मोठे काम करतो, पण वीस ग्रॅमचे वीस किलो करत नाही.

म्युनिकमध्ये कामी आलेले शेतकरी

चाचणी कुठे व्हावी याबद्दल एक घटना सांगतो. ती प्रत्येक कापूस उत्पादकाला ठाऊक असावी.

१९९४ मध्ये युरोपीय पेटंट कार्यालयाने निमतेलाने पिकावरची बुरशी आवरण्याच्या पद्धतीचे पेटंट अमेरिकेचे कृषी खाते आणि डब्ल्यू. आर. ग्रेस या कंपनीला दिले. त्याविरुद्ध वंदना शिवा, युरोपीय संसदेतील मागदा आल्वूट आणि सेंद्रिय शेती चळवळींचा आंतरराष्ट्रीय महासंघ यांनी हरकत घेतली. ‘आमच्याकडे हे पूर्वापार चालत आले आहे’ एवढे म्हणून भागणार नव्हते. पुरावा हवा होता. तो महाराष्ट्रातून गेला. पुण्याचे उत्पादक अभय फडके यांनी १९८५ आणि १९८६ च्या उन्हाळ्यात पुणे आणि सांगली जिल्ह्यांत निमच्या अर्काच्या चाचण्या घेतल्या होत्या, आणि त्या शेतकऱ्यांच्या शेतात, शेतकऱ्यांच्या देखत घेतल्या होत्या. शेतकऱ्यांनी पाहिले म्हणजे ते ज्ञान उघड झाले, मग त्यावर नवा शोध म्हणून हक्क कसा सांगणार? मे २००० मध्ये पेटंट रद्द झाले आणि मार्च २००५ मध्ये अपीलही फेटाळले गेले.

बांधावर उभे राहून पाहणाऱ्या शेतकऱ्यांची उपस्थिती म्युनिकच्या कार्यालयात पुरावा ठरली. बंद खोलीतल्या चाचणीने हे झाले नसते. म्हणून आमचे म्हणणे: चाचणी आमच्या शेतात, आमच्या देखत, आणि निकाल मराठीत, चांगला असो की वाईट.

मग करायचे काय?

नव्या तंत्राच्या आम्ही विरोधात नाही. उलट, ते आपल्यापर्यंत खरे आणि लवकर यावे अशी आमची मागणी आहे. तोवर हाताशी आहे ते सोडायचे नाही.

पाच टक्के निंबोळी अर्काची रीत पुन्हा सांगतो. मे ते जुलै लिंबोळ्या गोळा करा, गर धुऊन बी सावलीत वाळवा, प्लास्टिकच्या नव्हे तर तागाच्या पोत्यात कोरड्या जागी ठेवा. बुरशी आलेले बी टाकून द्या. फवारणीच्या आदल्या दिवशी पाच किलो भुकटी दहा लिटर पाण्यात रात्रभर भिजवा. सकाळी ढवळून फडक्यातून गाळा, दोनशे ग्रॅम साबणाचा चुरा वेगळ्या पाण्यात विरघळवून मिसळा आणि एकूण शंभर लिटर करा. त्याच दिवशी, शक्यतो संध्याकाळी संपवा. कापसावर पाते लागताना आणि रसशोषक कीड नुकती दिसू लागली की मारा. ज्वारीवर लष्करी अळीचे अंडीपुंज किंवा लहान अळ्या दिसताच पोंग्यात पडेल असे मारा. स्वतःच्या शेतासाठी स्वतः केलेल्या अर्काला नोंदणी लागत नाही, कीटकनाशक कायद्याच्या कलम ३८ मध्ये तशी सूट आहे. विकायचा असेल तर मात्र नोंदणी लागते.

दुकानात नॅनोची बाटली पुढे आली तर पाच प्रश्न विचारा.

एक, मारणारा घटक कोणता आणि किती टक्के?

दोन, १९६८ च्या कीटकनाशक कायद्याखालचा नोंदणी क्रमांक कुठे आहे, आणि चिठ्ठीवर आपले पीक आणि आपली कीड आहे का?

तीन, कण किती नॅनोमीटरचे, कवच कशाचे, ते कुजते का?

चार, कोरडवाहू कापसावर किंवा ज्वारीवर चाचणी कुठे झाली?

पाच, विषारीपणाचा त्रिकोण कोणत्या रंगाचा, आणि बाधा झाली तर उतारा काय?

पाचांपैकी तीन प्रश्नांना दुकानदार गप्प राहिला तर बाटली फळीवरच राहू द्या. घेतलीत तर पक्के बिल घ्या आणि रिकामी बाटली पाण्याला वापरू नका.

ज्या गावांची तयारी असेल त्यांनी या खरिपात स्वतः चाचणी घ्यावी. एकाच कापसात सारखे पट्टे पाडा: एक बिनफवारणीचा, एक निंबोळी अर्काचा, एक बाटलीचा. हेच तीन पट्टे आणखी दोन शेतांत ठेवा. प्रत्येक पट्ट्यात वीस झाडे, प्रत्येक झाडाची वरचे, मधले आणि खालचे अशी तीन पाने पाहून तुडतुडे मोजा. फवारणीआधी मोजा आणि नंतर तिसऱ्या, सातव्या आणि दहाव्या दिवशी मोजा. पानामागे सरासरी दोन-तीन तुडतुडे दिसेपर्यंत पंप उचलायचा नाही. ढालकिडेही मोजा. वेचणीला प्रत्येक पट्ट्याचा कापूस वेगळा तोला आणि खर्च वेगळा लिहा. वही गावात ठेवा, एक प्रत जिल्हा मेळाव्याला आणा.

आणि सरकारदरबारी आपली मागणी तीन कलमांची. परभणीचे कृषी विद्यापीठ, बदनापूरचे संशोधन केंद्र आणि खरपुडीचे कृषी विज्ञान केंद्र यांनी वनस्पतीजन्य नॅनो औषधांच्या खुल्या चाचण्या कोरडवाहू शेतांवर घ्याव्यात. प्रत्येक नॅनो औषधाच्या चिठ्ठीवर कणाचा आकार, कवचाचा पदार्थ आणि टिकण्याचे दिवस मराठीत छापावेत. आणि पऱ्हाटी, लिंटर व लिंबोळी यांवर प्रक्रिया जिल्ह्यातच व्हावी, तिच्यात कच्चा माल पुरवणाऱ्याला भाव मिळावा.

वही कोण ठेवणार, पट्टे कोणाच्या शेतात पडणार, ते आज इथून उठण्याआधी तालुक्यातालुक्याने ठरवून घ्या. नावे व्यासपीठाजवळ लिहून घेतली जातील.